लावणीच्या दिवसांतली फुटबॉलची रात्र

आपण कोकणातली माणसे पावसाळा नक्षत्रांनी मोजतो. रोहिणी-मृगात तरव्याची पेर, आर्द्रात नांगरट आणि चिखलणी, पुनर्वसूच्या तरण्या पावसात लावणी, आणि पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात राहिलीसाहिली खाचरे. या पाच-सहा आठवड्यांत घरातल्या कोणालाही उसंत नसते. दळण, पाहुणे, देणीघेणी सारे मागे राहते. लावणी झाली की मग बघू, हे एकच उत्तर असते.

आता एक गंमत पाहा. फुटबॉलची जागतिक स्पर्धा दर चार वर्षांनी भरते, आणि तिचा अंतिम सामना नेमका याच दिवसांत येतो. १९८२ साली तो ११ जुलैला झाला, १९८६ साली २९ जूनला, १९९० साली ८ जुलैला, १९९४ साली १७ जुलैला आणि १९९८ साली १२ जुलैला. म्हणजे कधी आर्द्रा, कधी पुनर्वसू. युरोप-अमेरिकेत हे दिवस कोरड्या उन्हाळ्याचे आणि सुट्टीचे. आपल्याकडे मात्र गुडघाभर चिखलाचे. त्यात तिकडची दुपार किंवा संध्याकाळ म्हणजे इकडची मध्यरात्र. पहाटे जोत घेऊन खाचरात उतरायचे आणि आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत जागायचे, असा हा कोकणातला फुटबॉल.

दापोली तालुक्यातल्या आमच्या आंजर्ल्यात मी असे बरेच अंतिम सामने घरच्या ओटीवर बसून पाहिले. त्यांतला पहिला १९८६ चा. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या रात्रीविषयी तर सांगायचेच आहे, पण त्याबरोबर आणखीही काही सांगायचे आहे. दर चार वर्षांनी ओटीवर किती माणसे बसली, हे माझ्या लक्षात राहिले आहे, आणि त्या आकड्यांवरून आमच्या शेतीचे काय झाले तेही कळते.

होडीतून आलेला टीव्ही

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्रे दिसू लागली, आणि मुंबईकरांच्या घरातले जुने कृष्णधवल संच हळूहळू अडगळीत जाऊ लागले. त्यांतले कितीतरी पुढे गावाकडे आले. आमचाही तसाच. मुंबईच्या आत्याने रंगीत टीव्ही घेतला आणि लाकडी शटरचा जुना संच आम्हाला पाठवला.

गोधडीत गुंडाळून तो एस.टी.ने हर्णैपर्यंत आला. तेव्हा जोग नदीच्या खाडीवर पूल नव्हता. हर्णैच्या बाजूने येणारा माणूस होडीनेच आंजर्ल्यात उतरायचा. काकांनी तो संच मांडीवर घेऊन खाडी ओलांडली. होडी हलली की काकांचा जीव वरखाली व्हायचा. नवरी आणावी तसा तो घरी आला, असे आजी पुढे कित्येक वर्षे सांगायची.

मुंबई आमच्यापासून समुद्राच्या अंगाने उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर. चित्र पकडायचे तर अँटेना उंच हवा. परड्यातल्या माडाच्या अंगाला लांब बांबू बांधून त्यावर अँटेना चढवला आणि त्याचे तोंड मुंबईकडे केले. वाऱ्याने तो जरा फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकाने माडाखाली उभे राहून बांबू फिरवायचा, दुसऱ्याने दारात उभे राहायचे आणि तिसऱ्याने टीव्हीसमोरून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! जरा मागे घे!" पावसात हे काम इरले घेऊन करावे लागे. ते नेहमी आम्हा पोरांकडे असायचे.

दोन जाणकार

आमच्या गावात क्रिकेट सगळ्यांना कळे, कबड्डी तर रक्तातच. फुटबॉल जाणणारी माणसे मात्र दोनच होती.

एक आमचे काका. ते मुंबईत परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांच्या चुली थंडावल्या. कोकणातली कितीतरी माणसे गावी परतली, त्यांत आमचे काकाही आले. मुंबईत असताना सुट्टीच्या दिवशी ते कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहायला जात. मफतलालसारख्या गिरण्यांचे स्वतःचे फुटबॉल संघ होते. आपल्यासारखाच साच्यावर राबणारा माणूस संध्याकाळी मैदानावर कसा पळतो, हे ते डोळे विस्फारून सांगायचे.

दुसरे खाडीकडच्या मोहल्ल्यातले चाचा. ते कुवेतला नोकरीला होते आणि त्या पावसाळ्यात रजेवर आले होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची अनेक माणसे तेव्हा आखातात होती. १९८२ च्या स्पर्धेत कुवेतचा संघ स्पेनमध्ये खेळला होता. फ्रान्सविरुद्ध एका गोलावरून वाद झाला, तेव्हा कुवेतचे एक शेख प्रेक्षकांतून उठून थेट मैदानात उतरले होते, आणि पंचांनी तो गोल रद्द केला होता. चाचा तेव्हा कुवेतमध्येच होते. ही गोष्ट ते अशी रंगवून सांगत की आम्हाला मैदानात चाललेला झब्बेवाला शेख दिसायचा.

ऑफसाइड म्हणजे काय, हे आम्हाला चाचांनीच शिकवले. सतरंजीवर भाजलेल्या आठळ्या मांडल्या. या बाजूचे आपले, त्या बाजूचे त्यांचे, आणि ही शेवटची आठळी म्हणजे गोलरक्षक. "आपल्या माणसाने चेंडू पुढे ढकलला, त्या क्षणी समोरच्यांच्या गोलरक्षकाशिवाय आणखी एक तरी गडी आपल्या पुढे हवा. त्यांच्या मागे जाऊन चोरासारखं उभं राहायचं नाही." आजोबा म्हणाले, "म्हणजे लावणीसारखंच. ओळ सोडून कोणी पुढे जायचं नाही." चाचा म्हणाले, "बरोबर, बाबा. अगदी तेच."

तिकडे ऊन, इकडे पाऊस

२९ जून १९८६, रविवार. मेक्सिको शहरात दुपारचे बारा वाजता सामना सुरू होणार होता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. अर्जेंटिना विरुद्ध पश्चिम जर्मनी. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते; ते एक झाले १९९० साली.

जेवणे लवकर उरकली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या खाचराची चिखलणी होती. बैलांना वैरण घालून झाली होती. तरवा काढणीला आला होता. वडिलांचे मत स्पष्ट होते, की अकरा वाजता टीव्ही बंद. पण साडेदहापासूनच माणसे येऊ लागली. डोक्यावर इरली, खांद्यावर घोंगड्या, हातात कंदील. खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर. घरची धरून मी सत्तेचाळीस माणसे मोजली. वाडीतली होती, मोहल्ल्यातली होती, किनाऱ्याकडची मासेमारी करणारीही होती. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असल्याने त्यांना रात्र मोकळीच होती. बायका माजघराच्या दारात बसल्या. एवढी माणसे घरी आल्यावर अकरा वाजता टीव्ही बंद करा, असे कोण म्हणणार?

चित्र लागले आणि पहिले आश्चर्य वाटले ते उन्हाचे. आमच्या कौलांवर आर्द्रा कोसळत होती, आणि पडद्यावर लख्ख ऊन. मैदानाच्या मधोमध मोठ्या कोळ्यासारखी काळी सावली पडली होती. आजीने विचारले, "हा कोळी कसला?" मैदानावर वर टांगलेल्या ध्वनिक्षेपकांची ती सावली होती. सूर्य डोक्यावर असल्याने ती थेट खाली पडली होती. मेक्सिको शहर आणि आपली मुंबई दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर. जूनमध्ये तिथला सूर्य आपल्यासारखाच माथ्यावर येतो. आपल्याकडे तो ढगांमागे असतो, एवढेच.

आजोबांना मेक्सिको माहीत होते ते मेक्सिकन गव्हामुळे. तिकडे डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेल्या बुटक्या गव्हाचे बियाणे १९६० नंतरच्या दशकात भारतात आले आणि देशाच्या धान्याच्या कोठाराचे चित्र पालटले. मका आणि मिरची यांचेही मूळ घर तिकडचेच. शाळेत शिकवणारे एक शेजारी म्हणाले, "मागच्याच सप्टेंबरात तिथे मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली." आजीला लगेच १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप आठवला. तेव्हा पहाटे आमच्याकडेही भांडी हलली होती. "आणि तरी एवढा खेळ मांडला त्यांनी?" असे म्हणून ती पुढे सरकून बसली. त्या क्षणापासून फुटबॉल हा तिच्याही घरचा विषय झाला.

अंधारातला अर्धा तास

तेविसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचा पहिला गोल झाला. बाजूने उंच चेंडू आला, जर्मन गोलरक्षक शूमाखर पुढे धावला, पण चेंडू त्याच्या हाती लागला नाही, आणि ब्राऊन नावाच्या खेळाडूने तो डोक्याने आत घातला. मध्यंतरानंतर वाल्दानोने दुसरा गोल केला. ओटीवर एकच आरडाओरडा झाला. तो थांबण्याच्या आत वीज गेली.

पावसाळ्यात गेलेली वीज कधी येईल, हे कोणी सांगावे? वडील म्हणाले, "दोन-शून्य झालं. संपलंच आता. उठा, पहाटे जोत आहे." बऱ्याच जणांना ते पटले. कंदील पेटले, इरली डोक्यावर चढली आणि अर्धी ओटी रिकामी झाली. उरलेल्यांना उठवायला वडील निघाले, तेव्हा आजोबा म्हणाले, "बसू दे त्यांना. वीज आली तर बघतील, नाही आली तर बोलत बसतील. पाऊस काय बसणाऱ्याला भिजवत नाही."

मग तो अर्धा तास. आजीने आठळ्या आणल्या, आईने गुळाचा चहा केला. काका कूपरेजच्या गोष्टी सांगू लागले. चाचांनी दिएगो माराडोना या खेळाडूची हकीगत सांगितली. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध त्याने एक गोल हाताने केला होता आणि तो पंचांना दिसला नव्हता. चार मिनिटांनी त्याने अर्ध्या मैदानातून इंग्लंडच्या एकामागून एक खेळाडूला चकवत दुसरा गोल केला, तो सगळ्या जगाने पाहिला. "पहिला चोरीचा, दुसरा कष्टाचा," चाचा म्हणाले. यावर आजोबांनी विचारले, "मग लोक नाव कोणत्याचं घेतात?" चाचा हसून म्हणाले, "दोन्हींचं."

माराडोनाच्या घरची गोष्ट मी पुढे मोठेपणी वाचली, आणि ती वाचताना मला आमची खाडी आठवली. त्याचे वडील मूळचे पाराना नदीकाठच्या एस्किना नावाच्या गावचे. तिथे ते होडीवर काम करीत, गुरे नदीपार नेत. गावात पोट भरेना म्हणून कुटुंब ब्वेनोस आयरेस या राजधानीच्या कडेला, फिओरितो नावाच्या झोपडवस्तीत आले. तिथे वडिलांना काम मिळाले ते हाडांचा चुरा करणाऱ्या कारखान्यात. आपण माडाच्या आळ्यात घालतो तसल्या खताचा तो कच्चा माल. पहाटे निघायचे आणि अंगाला तो वास घेऊन रात्री परतायचे. आठ भावंडांत दिएगो पाचवा. म्हणजे नदीकाठचे गाव सोडून शहराच्या कारखान्यात गेलेल्या माणसाचा तो मुलगा. कोकणातल्या कोणत्या घराला ही गोष्ट नवी आहे?

वीज आली तेव्हा एक वाजून गेला होता. संच तापून चित्र यायला वेळ लागला. आले तेव्हा जर्मन एकमेकांना मिठ्या मारत होते. काय झाले, कोणालाच कळेना. मग आकडे दिसले. दोन-दोन! अंधारातल्या त्या वेळात रुमेनिगे आणि फ्योलर यांनी, दोन्ही वेळा कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर, दोन गोल फेडले होते.

त्यानंतर जे झाले ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. सामन्याची जेमतेम सहा मिनिटे उरली होती. माराडोनाला जर्मनांनी सामनाभर घेरून ठेवले होते. तेव्हाही तो चौघांच्या गराड्यातच होता. चेंडू पायाशी आला न आला तोच त्याने तो त्यांच्या मधून पुढे सरकवला. उजवीकडून बुरुचागा धावत सुटला, एकटाच. गोलरक्षक पुढे आला, आणि चेंडू त्याच्या बाजूने जमिनीसरपट आत गेला. तीन-दोन.

आमच्या ओटीवर असा गलका झाला की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

सामना संपल्यावर आजोबांनी एकच शंका काढली, "ज्याचं एवढं नाव, त्याने आज एकही गोल केला नाही?" चाचा म्हणाले, "पण शेवटचा कोणामुळे झाला, बाबा?" आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरंय. लावणीला तरव्याच्या मुठी टाकणारा गडी असतो ना, तसा तो. लावणाऱ्यांत त्याला कोणी मोजत नाही. पण मूठ जागेवर पडली नाही, तर अख्खी ओळ खोळंबते."

पहाटे पाच वाजता जोत वेळेवर गेले. खाचरात लवकर घरी गेलेले आणि उशिरापर्यंत बसलेले सगळेच भेटले. "दोन-शून्य ना?" असे एकाने विचारले, आणि त्या दिवशी लावणी करताना बांधाबांधांवरून तो सामना पुन्हा पहिल्यापासून खेळला गेला.

ब्राऊनचा सदरा

त्या सामन्यातली एक गोष्ट आम्हाला मुंग्यांच्या पडद्यावर दिसली नव्हती. ती पुढे कळली. पहिला गोल करणारा होसे लुइस ब्राऊन हा खरे तर राखीव गडी होता. ज्याच्या जागी तो खेळला तो पासारेला आजारी पडला होता. ब्राऊनला त्या वेळी कोणत्याही क्लबची नोकरीही नव्हती. उत्तरार्धात त्याचा खांदा दुखावला. बाहेर जा, असे कोणी म्हणू नये म्हणून त्याने दातांनी आपल्या सदऱ्याला भोक पाडले, त्यात अंगठा अडकवला आणि हात झोळीसारखा धरून शेवटपर्यंत खेळला. २०१९ साली तो वारला. असला अंगावर काढण्याचा हट्ट कोणी शिकावा असे नाही, दुखापत झाली तर उपचार आधी. पण ही गोष्ट ऐकल्यावर आईने विचारले, "त्याच्या जागी उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं का?" शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न दर लावणीला पडतो.

पुळणीवरचे मैदान

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर फुटबॉल सुरू झाला. चेंडू चिंध्यांचा. पेले लहानपणी मोज्यात कागद-चिंध्या कोंबून खेळला, हे काकांनी सांगितल्यामुळे त्याची लाज वाटेनाशी झाली. ओहोटी लागली की मैदान लांबरुंद, आणि भरती सुरू झाली की ते आकसत जाई. पाणी गोलापर्यंत पोचले की सामना संपला. पंचाशी हुज्जत घालता येते, भरतीशी नाही.

फुटबॉल म्हणजे परका खेळ, असेही नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत, आणि त्यांचे सामने पाहायला शाहू स्टेडियम भरून जाते. कुस्तीच्या तालमीने फुटबॉल सांभाळला, असे उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. शेजारच्या गोव्यातल्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचे गोलरक्षण केले आणि संघाचे नेतृत्वही केले. आपल्या मुलाला पायाने चेंडू मारावासा वाटला, तर त्याला हसू नये.

चार-चार वर्षांचे हिशेब

आता आकड्यांकडे येतो.

१९९० साली अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन संघ होते. रोममध्ये सामना होता, आपल्याकडे तीच रात्री साडेअकराची वेळ. शेवटच्या मिनिटांत ब्रेमेने पेनल्टीवर गोल केला आणि जर्मनी जिंकली. माराडोना रडला. ओटीवर बावीस माणसे होती, कारण एव्हाना वाडीत आणखी चार टीव्ही आले होते. लावणीला माणसांची उणीव नव्हती.

१९९४ साली अमेरिकेतला सामना आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू झाला. ब्राझील-इटली, एकही गोल नाही, आणि शेवटी इटलीच्या बाज्जोने पेनल्टी गोलाच्या वरून मारली. पाहायला नऊजण. माझे दोन चुलतभाऊ तोवर मुंबईला लागले होते. १९९८ साली सहाजण. थोरला भाऊ पुण्यात कारखान्यात लागला. मी घरची शेती पाहायला राहिलो.

२००२ चा सामना जपानमध्ये, रविवारी ३० जूनला, आपल्याकडे दुपारी साडेचारला. जागरण नाही, वीजही होती. पण भर दिवसा लावणी सोडून टीव्हीसमोर कोण बसणार? रोनाल्डोने ब्राझीलसाठी दोन गोल केले, ते आजी एकटीने पाहिले आणि खाचरात येऊन आम्हाला सांगितले. त्या वर्षी लावणीला बाहेरून मजूर आणावे लागले. २००६ साली वरचे खाचर प्रथमच पडीक राहिले, ते पुढे तसेच पडले. २०१४ साली पुतणे पावसाळ्यात आले होते. सामना ओटीवर झाला, पण तिघांच्या हातांत तीन मोबाईल होते. २०१८ साली मॉस्कोत बक्षीस समारंभाच्या वेळी धो-धो पाऊस आला. तो पाहताना घरात आम्ही तिघे होतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धनजवळ ते किनाऱ्याला लागले, आणि दापोली-मंडणगडच्या बागा त्याने झोपवल्या. आमच्या पोफळी गेल्या, माड गेले. ज्या माडाला एके काळी अँटेना बांधला होता तोही गेला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला माराडोना वारला. माड नव्याने लावले आहेत. त्यांना फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. तोवर त्यांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न रोपाच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

२०२२ साली कतारमधल्या उष्म्यामुळे ही स्पर्धा पहिल्यांदाच नोव्हेंबर-डिसेंबरात झाली. १८ डिसेंबरला अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीन बरोबरीत राहिले, आणि पेनल्टींवर अर्जेंटिना जिंकली. १९८६ नंतर छत्तीस वर्षांनी. पुतण्या मुंबईहून मोबाईलवर चित्रासह बोलत होता. त्याच्याकडे चित्र आधी पोचे, आमच्याकडे मागाहून. त्यामुळे प्रत्येक गोल आधी कानावर आला आणि मग डोळ्यांना दिसला. आई म्हणाली, "याच्यापेक्षा इथेच येऊन बसला असता तर?"

येण्याचे निमित्त

शहरात गेलेल्यांना दोष देऊन काही होत नाही. एस्किनाचा होडीवाला हौसेने गाव सोडून गेला नव्हता, तसे आमचे काकाही हौसेने परळला गेले नव्हते. पण गणपतीला जो चाकरमानी रजा काढून, गर्दीत उभा राहून गावी येतो, त्याला लावणीला दोन दिवस येणे अशक्य नाही. त्याला निमित्त हवे असते. कामाला या, असे म्हटले तर मुले येत नाहीत. सामना ओटीवर सगळे मिळून पाहू, आणि सकाळी एक खाचर लावून जा, असे म्हटले तर येतील. आमच्या घरी हा प्रयोग एका जुलैत, लहान प्रमाणात झाला. तेव्हा जागतिक स्पर्धा नव्हती, दुसरीच एक मोठी अंतिम लढत होती. तीन पुतणे आणि एक भाची आली. रात्री सामना पाहिला. सकाळी त्यांच्या ओळी वाकड्या गेल्या, मुठी कुठेही पडल्या, दुपारपर्यंत कंबरा धरल्या. पण सोळा वर्षे पडीक असलेल्या वरच्या खाचराचा एक चौथा भाग लावून झाला. ऑक्टोबरात तिथे भात उभे होते. त्याचे तांदूळ चौघांना घरोघर पोचवले. त्यानंतर भाचीचा फोन आला तो पुढच्या लावणीची तारीख विचारायला.

आपल्या घरी मोठा टीव्ही असेल, तर अशी एखादी रात्र शेजाऱ्यांसाठीही दार उघडे ठेवावे. नसेल तर शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात चार घरांनी मिळून सोय करावी. वीज गेली तर जाऊ द्यावी. आठळ्या भाजून ठेवाव्यात, आणि बसलेल्यांना लगेच उठवू नये. आमच्या ओटीवरची सतरंजी अजून शाबूत आहे. दाटीवाटीने बसले तर वीस माणसे मावतात.